सदतीस नंबरचा संदर्भ

वैद्यकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी घनसावंगीच्या चौकात जीपमध्ये बसले होते. जीप भरायला अजून दोन माणसं हवी होती आणि ड्रायव्हर खाली उभा राहून "अंबड, अंबड" करत होता. पलीकडून काकांची मुलगी अनुजा शांत आवाजात म्हणाली, "ताई, बाबा गेले. सकाळी चहा घेतला, पेपर वाचला आणि खुर्चीतच डोळे मिटले. आम्हाला वाटलं, डुलकी लागली." मी काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. फोन ठेवल्यावर शेजारच्या बाईंनी विचारलं, "कोन वारलं, बाई?" मी म्हणाले, "वैद्यकाका." "चुलते का?" "नाही." "मंग माहेराकडले कोनी?" "नाही... ते माझे संदर्भ तपासायचे." बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हंजी काय करायचे?" मग जीप सुटेपर्यंत मी त्यांना सांगत बसले. आपण एखादा लेख लिहितो, त्यात दुसऱ्यांच्या पुस्तकांतलं घेतो. ते कोणाचं, कोणत्या सालचं, कोणत्या पानावरचं, हे शेवटी लिहावं लागतं. ते बराबर लिहिलंय का, हे काका बघायचे. बाईंनी पदर सावरत थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "म्हंजी ज्याचं त्याला दिलं का न्हाई, ते बघायचे." अंबड येईपर्यंत मी रडले नाही. उलट राहून राहून हसूच येत होतं. कारण ही व्याख्या काकांनी ऐकली असती, तर त्यांनी त्या बाईंचं पूर्ण नाव आणि गाव विचारून वहीत उतरवून घेतलं असतं.

दिगंबर वैद्य हे त्यांचं नाव. जालन्यातल्या एका कॉलेजात ते ग्रंथपाल होते आणि मी त्यांना भेटले तेव्हा निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं घर. वरच्या मजल्यावर एक खोली, तिच्यात एक लांब टेबल, एक जुना कॉम्प्युटर आणि खिडकीत त्यांच्या पत्नी सुमनकाकूंनी वाळत घातलेली कसली ना कसली डाळ. पीएच.डी. करणारी, लेख छापून आणायला धडपडणारी मुलं-मुली परतूर, मंठा, भोकरदन अशा कुठून कुठून त्या खोलीत यायची. मासिकांचे नियम वेगवेगळे असतात. कुणाला साल कंसात हवं असतं, कुणाला शेवटी. कुणाला अंकाचं नाव तिरक्या अक्षरात लागतं, कुणाला लेखाचं. हे सगळं काका जुळवून द्यायचे. त्यांची एकच अट असायची, लेख छापून आला की त्याची एक प्रत त्यांना आणून द्यायची. स्वतः ते पीएच.डी. नव्हते. कोणी 'सर' म्हटलं की म्हणायचे, "सर नका म्हणू, मी शिकवलेलं न्हाई कोणाला. मी फक्त पुस्तकं जागेवर ठेवली."

मी त्यांच्याकडे गेले ती अगदी घायकुतीला येऊन. मी वाटूरजवळच्या धनगरवाड्यातली. आमच्या घरात मेंढरं होती, अजूनही थोडी आहेत. शाळेत हुशार निघाले, वनस्पतिशास्त्र घेतलं आणि संशोधनाला विषय घेतला तो आमच्याच माळावरचा, मेंढरं चरतात त्या गवतांचा. पाच वर्षं काम चाललं होतं. प्रबंध द्यायच्या आधी एक लेख चांगल्या नियतकालिकात यायलाच हवा होता, आणि माझी नोंदणी त्याच वर्षी संपत होती. एकदा मुदतवाढ घेऊन झाली होती, दुसरी मिळणार नव्हती. अशात माझा लेख परत आला. वर संपादकांची टीप होती, आशय ठीक आहे पण संदर्भ आमच्या पद्धतीनुसार नाहीत, मजकुरातले आकडे आणि शेवटची यादी जुळत नाही, एकवीस दिवसांत सुधारून पाठवा, नाहीतर लेख नाकारला असं समजा. मार्गदर्शक सरांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि एका चिठ्ठीवर काकांचा पत्ता लिहून दिला.

पहिल्या भेटीत काकांनी माझं पूर्ण नाव विचारून घेतलं, पण लेखाचं पहिलं पान उघडलंच नाही. थेट शेवट काढला, संदर्भसूची. चौऱ्याऐंशी संदर्भ होते. ते एकेक ओळ मोठ्यानं वाचायला लागले, आणि नुसते शब्द नाही, त्यातली चिन्हंसुद्धा... "आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षर, पूर्णविराम, कंस सुरू, साल, कंस पूर्ण." माझ्या आजीच्या ओव्यांसारखा त्याला एक ठेका होता. मध्येच थांबून म्हणाले, "हा स्वल्पविराम तिरका झालाय." मी डोळे फाडून पाहिलं. स्वल्पविराम सरळ असो की तिरका, मला तो माशीएवढा ठिपकाच दिसत होता. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सुमनकाकू म्हणाल्या, "ह्यांना स्वल्पविराम दिसतो, पण दारात आठ दिवस पडलेली गळकी बादली दिसत न्हाई." काका तिकडे लक्ष न देता पुढे वाचत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी मला विचारलं, "तुमचे वडील पण संशोधन करतात का?" मी म्हणाले, "आबा? आबा मेंढरं राखतात." "मग हे ज्ञानोबा, एस. कोण आहेत? ह्यांच्या नावावर पेपर आहे गवताचा."

तो माझाच पहिला लेख होता, एका परिषदेच्या पुस्तकात आलेला. मी नाव लिहिलं होतं, संगीता ज्ञानोबा काळे. छापणाऱ्यानं 'काळे' गाळलं आणि उरलेल्यातलं शेवटचं नाव आडनाव म्हणून धरलं. मला ते माहीत होतं, पण लाजेनं मी कोणाला सांगितलं नव्हतं. काका मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. "म्हणजे मेंढरं राखता राखता वडिलांनी पेपर लिहिला आणि मुलीला पत्ता न्हाई." मीही हसले. त्या पत्रानंतर पहिल्यांदाच हसले होते.

मग माझं रोजचं येणंजाणं सुरू झालं. सकाळची एसटी धरून वाटूरहून जालन्याला यायचं, दुपारपर्यंत टेबलाशी बसायचं, चारच्या गाडीनं परत. काका घाई करू देत नसत. एक संदर्भ वाढला की खालचे सगळे आकडे एकानं सरकतात, आणि मजकुरातले पण सरकवावे लागतात. ते काम ते मशीनवर सोडत नसत. मी मजकुरातला आकडा वाचायचा, त्यांनी यादीत बोट ठेवून "हजर" म्हणायचं, शाळेतल्या हजेरीसारखं. मजकुरात नाव आहे आणि यादीत नाही, असं कोणी निघालं की म्हणायचे, "हा गैरहजर. शोधा ह्याला." उलटं निघालं, म्हणजे यादीत आहे पण मजकुरात कुठंच नाही, तर म्हणायचे, "हा न बोलावता जेवायला बसलाय. उठवा."

एकदा मी त्यांना विचारलं, काका, तुम्हाला ह्याचा कंटाळा येत नाही का?  त्यांनी सांगितलं, की नोकरीला लागल्या लागल्या त्यांनी सुट्टीच्या दिवशी सायकलवर हिंडून आसपासच्या जुन्या बारवांची माहिती गोळा केली होती. पायऱ्या मोजल्या, कोनाडे उतरवून घेतले, आणि एका छोट्या मासिकात लेख लिहिला. काही वर्षांनी कॉलेजात एक जाडजूड पुस्तक आलं. त्यावर क्रमांक टाकताना त्यांनी सहज उघडून पाहिलं, तर आत त्यांचा लेख. वाक्यं तीच, पायऱ्यांचे आकडे तेच... एका ठिकाणी त्यांच्याकडून चुकलेला आकडासुद्धा तसाच. नाव मात्र कुठंच नव्हतं. "राग आला?" मी विचारलं. "राग न्हाई आला. पण मी त्या पायऱ्या उन्हात मोजल्या होत्या हो. कोणीतरी तिथं उतरलं होतं, एवढं तरी कळायला पाहिजे होतं वाचणाऱ्याला." एवढं बोलून त्यांनी पुढचा संदर्भ वाचायला घेतला. त्या पुस्तकावर त्यांनी क्रमांक टाकला होता, आणि ते योग्य जागी ठेवलंही होतं.

मुदतीच्या आठव्या की नवव्या दिवशी आम्ही सदतीस नंबरवर आलो. गवतांच्या एका फार जुन्या सरकारी पाहणीचा अहवाल होता तो. मी त्याच्या आधारानं लिहिलं होतं की अमुक एक गवत आमच्या भागात आढळत नाही. काकांनी ओळ वाचली, चिन्हं तपासली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहून विचारलं, "हे वाचलंय का तुम्ही?" मी म्हणाले, "हो." त्यांनी मान हलवली आणि ते अडतीसवर गेले. माझे कान तापले होते. कारण मी तो अहवाल कधी पाहिलासुद्धा नव्हता. दुसऱ्याच्या प्रबंधातून ओळ घेतली होती, आणि त्या प्रबंधात दिलेला संदर्भ जसाच्या तसा उतरवला होता. सगळे तेच करत होते. त्या विषयावरच्या प्रत्येक लेखात ती ओळ आणि तो संदर्भ होताच.

पण ह्या सदतीस नंबरनं घरात एक भांडण लावलं होतं, ते मी काकांना सांगितलं नव्हतं. त्या गवताला आबा लालशी म्हणतात. बुडाशी तांबूस असतं, आणि ते म्हणायचे की गाभण मेंढीला लालशी मिळाली की दूध चांगलं उतरतं. माझ्या पहिल्या टिपणात मी ते लिहूनही घेतलं होतं. नंतर ही छापील ओळ सापडली आणि मी आबांचं म्हणणं काढून टाकलं. आबा म्हणाले, "तुझ्या बुकात न्हाई म्हनून माझ्या माळावर न्हाई का?" मी चिडून म्हणाले होते, "आबा, ते छापलेलं आहे. तुम्ही दुसरंच कायतरी गवत बघून राह्यलात."  आबा नुसते उठून मेंढरांकडे गेले. त्यांचं ते उठून जाणं मला अजून आठवतं.

त्यानंतर दोन दिवस काकांनी मला येऊ नका म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "या." मी गेले तर टेबलावर दोन पानांची झेरॉक्स ठेवली होती. सत्तरीकडे झुकलेला हा माणूस एसटीनं औरंगाबादला जाऊन तिथल्या एका जुन्या ग्रंथालयात दिवसभर बसला होता, आणि सदतीस नंबरचा मूळ अहवाल शोधून त्याची ती दोन पानं घेऊन आला होता. "वाचा," ते म्हणाले. "मोठ्यानं. चिन्हांसकट." मी वाचायला लागले. इंग्रजीत लिहिलं होतं, की नांगरटीखालच्या काळ्या जमिनीत हे गवत आढळत नाही, अर्धविराम... आणि तिथं माझा आवाज थांबला. कारण वाक्य तिथं संपलेलं नव्हतं. पुढे होतं, की चराऊ माळांवर मात्र ते भरपूर दिसतं आणि तिथले मेंढपाळ ते चांगलं ओळखतात.

कोणीतरी एकानं, कधीतरी, अर्धविरामापर्यंतच उतरवून घेतलं होतं. त्याच्यावरून दुसऱ्यानं, दुसऱ्यावरून तिसऱ्यानं. आणि शेवटी मी, जिच्या बापाच्या माळावर ते गवत उगवत होतं तिनं. मला वाटलं, काका आता बोलणार, खोटं का बोललात म्हणून. मी खाली मान घालून बसले. ते म्हणाले, "वाचलंय का आता?" मी म्हणाले, "आता वाचलं." "झालं तर मग. चहा घ्या." आणि चहा पिता पिता त्यांनी सरळ हिशेब मांडला. उरलेले दिवस नऊ. एक वाट अशी, की सदतीस नंबर आणि ते वाक्य दोन्ही काढून टाकायचं, कोणाला काही कळणार नाही, लेख वेळेत जाईल. दुसरी वाट, की सगळ्यांची चूक दाखवायची, गवताचा नमुना आणायचा, त्याच्यावर नवा भाग लिहायचा. त्यात मुदत हुकू शकते. "मला विचारू नका," ते म्हणाले. "पेपर तुमचा आहे."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी नोंदणीच्या तारखेचा विचार केला, सरांच्या चेहऱ्याचा केला. वाटूर फाट्यावर उतरले तरी काही ठरलं नव्हतं. घरी आले तर आबा दारात बसून एका कोकराच्या पायाला हळद लावत होते. त्यांना पाहिलं आणि ठरवायला काही उरलंच नाही. मी म्हणाले, "आबा, लालशीचं तुमचं बराबर होतं. बुकात पण तसंच लिहिलंय. मीच अर्धं वाचलं होतं." मला वाटलं, आता ते एक-दोन टोमणे मारतील. त्यांनी कोकराला खाली सोडलं आणि म्हणाले, "मंग चल उद्या, दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर एसटी थांबली आणि तिच्यातून वैद्यकाका उतरले. पांढरे बूट, हातात छत्री, खांद्याला शबनम. मी त्यांना रात्री फोनवर नुसतं सांगितलं होतं, बोलावलं नव्हतं. "मी संदर्भ तपासतो," ते म्हणाले, "आणि हा संदर्भ तर चालता-बोलता आहे." दसऱ्याच्या आधीचे दिवस होते, माळ गुडघाभर उंच आणि सगळी गवतं फुलोऱ्यावर आलेली. आबा पुढे, मेंढरं त्यांच्या मागे, मग मी आणि शेवटी पांढऱ्या बुटांना कुसळं चिकटवत काका. अर्ध्या तासानं आबा एका उतारावर थांबले आणि त्यांनी काठीनं गवत बाजूला केलं. तांबूस बुडाची लालशी. एक-दोन ठोंब नाहीत, सगळा उतार भरलेला. मी खाली बसले आणि मुळासकट नमुना काढला.

काका तोवर दगडावर बसून वही उघडून तयार होते. "पूर्ण नाव सांगा." आबा म्हणाले, "ज्ञानोबा." "वडिलांचं?" "मारोती. काळे." "गाव?" गाव सांगितलं. "आता हे गवत मेंढीच्या दुधाला चांगलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" आबा गोंधळले. "कोनी म्हंजी? चुलत्यानं. सखाराम चुलता. त्याच्या मागं मी लहानपनी हिंडलो." काकांनी लिहिलं, "सखाराम काळे. आणि त्यांना कोणी सांगितलं?" "त्येच्या सासऱ्यानं सांगितल्तं म्हने, तिकडं मंठ्याकडं." "सासऱ्यांचं नाव?" आबांनी डोकं खाजवलं. "ते आता कोनाला ठाव?" "बरं," काका गंभीरपणे म्हणाले, "मग आपण सखाराम काळेंपर्यंत थांबू." आबा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्यो मानूस पोलिसात होता का?" मी हसत सुटले. काकांना ते ऐकू गेलं होतं, पण त्यांनी वहीतून डोकं वर केलं नाही. त्या दिवशी त्यांनी आबांची आणि आसपासच्या आणखी दहा मेंढपाळांची नावं उतरवून घेतली. मेंढवाड्यात बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला, नाकाडोळ्यांतून पाणी आलं तरी आणखी मागून घेतला.

नऊ दिवसांत नवा भाग लिहून झाला, संदर्भसूचीत अकरा मेंढपाळांची नावं घातली. सगळे आकडे पुन्हा सरकले, पुन्हा हजेरी घेतली. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनला आम्ही लेख पाठवायला बसलो आणि लाइट गेली. काका शांतपणे म्हणाले, "येईल." मला मात्र बसवेना. सुमनकाकू खालून म्हणाल्या की शेजारच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याकडे इन्व्हर्टर आहे. मी पेनड्राइव्ह मुठीत धरून पळत सुटले, आणि मागून काका छत्री घेऊन. लेख त्या दुकानातून गेला. तिथं लग्नपत्रिका छापायला आलेले लोक थांबून राहिले होते, त्यांना काकांनी समजावून सांगितलं की ह्या मुलीच्या वडिलांचं नाव जगात जाणार आहे. त्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काय चाललंय हे त्यांना समजलं होतं असं नाही.

नाव मात्र इतक्या सहज गेलं नाही. संपादकांचं उत्तर आलं. नवा भाग त्यांना आवडला होता, चूक दाखवून दिल्याबद्दल आभारही मानले होते, पण तोंडी माहितीला संदर्भसूचीत जागा देता येत नाही, मजकुरात 'स्थानिक मेंढपाळ' असा उल्लेख पुरेसा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. माझा लेख तर घेतला जाणार होता. मी म्हणाले, "राहू द्या काका, आता कशाला ताणायचं." तेवढ्या एका वेळी मी त्यांना जरा कडक झालेलं पाहिलं. "तुमचं काम झालं, म्हणून?" ते म्हणाले आणि मला कॉम्प्युटरसमोर बसवून त्यांनी पत्र सांगितलं. त्यात त्यांनी लिहिलं, की आम्ही ज्या जुन्या अहवालाचा आधार घेतला आहे, त्या पाहणी करणाऱ्यालाही ही माहिती मेंढपाळांनीच दिली होती. त्यानं त्यांची नावं लिहिली नाहीत, म्हणून आज ते कोण होते हे कोणालाच सांगता येत नाही. ती चूक आम्हाला पुन्हा करायची नाही. बस, एवढंच, चार-पाच ओळी. आठ दिवसांनी उत्तर आलं. संदर्भसूचीच्या खाली 'माहिती देणारे' असं वेगळं शीर्षक द्यायला आणि त्याखाली अकराही जणांची नावं गावासकट छापायला संपादक तयार झाले होते.

लेख छापून आला तेव्हा काका पुन्हा एसटीनं आले. मेंढवाड्यात घोंगडं अंथरलं होतं. अकरापैकी सात जण जमले होते. काकांनी ती नावं वाचली, त्यांच्या ठेक्यात, चिन्हांसकट. "काळे, स्वल्पविराम, ज्ञानोबा मारोती..." प्रत्येक जण आपलं नाव आलं की घसा खाकरायचा. सगळं वाचून झाल्यावर आबांनी तक्रार केली, "काळे आधी आन् मी मागून, असं का?" काका म्हणाले, "आडनाव आधी. सगळ्या जगात तसंच लिहितात." आबांनी विचार केला. "आसंल. मेंढरं बी तशीच वळखतो आमी. आधी कळप, मंग एक एक." काकांनी लगेच शबनममधून वही काढली.

मला पीएच.डी. मिळाली, नोकरी लागली. आबांची आणि काकांची मैत्री मात्र माझ्याशिवायच वाढली. दर पंधरा-वीस दिवसांनी दोघांचा फोन व्हायचा. एकाला इटालिक म्हणजे काय ते कळत नव्हतं, दुसऱ्याला मेंढी आणि शेळी लांबून ओळखता येत नव्हती, तरी बोलणं अर्धा अर्धा तास चालायचं. शेवटच्या दोन वर्षांत काकांना कमी दिसायला लागलं, पण मुलं येतच राहिली. काका डोळे मिटून ऐकायचे आणि मुलांकडून चिन्हांसकट वाचून घ्यायचे. मी मे महिन्यात भेटायला गेले तेव्हा असंच चाललं होतं. एका मुलानं पूर्णविराम वाचला नाही, तर काका डोळे न उघडता म्हणाले, "तिथं टिंब आहे का न्हाई ते बघून सांगा. मी वाट बघून राह्यलो." ती आमची शेवटची भेट. निघताना मी पाया पडले तर म्हणाले, "आबांना म्हणावं, औंदा माळावर यायचं राह्यलं."

तेराव्याला आबा जालन्याला आले होते. घोंगडं खांद्यावर, दारातच थबकले. सुमनकाकूंनी त्यांना आत बोलावलं, पाटावर बसवलं, आग्रहानं जेवू घातलं. आबा जेवताना म्हणाले, "वैनी, मला सही बी धड करता येत न्हाई. पर तुमच्या मानसानं मला लिवून ठिवलं." काकूंनी त्यांना आणखी एक पुरणपोळी वाढली.

त्या दिवशी काकूंनी मला वरची खोली दाखवून विचारलं, "हे टेबल तू घेऊन जातेस का?" मला ते हलवावंसं वाटलं नाही. त्यापेक्षा मी दर रविवारी येते, म्हणाले, ज्यांची कामं अर्धवट राहिली आहेत त्यांना बसू देत. आता रविवारी सकाळी तीन-चार जण येतात. काकू खाली न्याहारीला सुशीला करतात, परतलेल्या मुरमुऱ्यांचा वास जिन्यातून वर येतो. मागच्या रविवारी अंकुशनगरची एक मुलगी आली होती, ऊसतोडीच्या बायकांच्या आरोग्यावर तिचं काम आहे. तिच्या यादीत दोन लेखिका होत्या, आडनाव एक, आद्याक्षर एक, सालही एकच. दोघींना वेगळं कसं दाखवायचं? मी नियमांचं पुस्तक चाळलं, तिनं मोबाइलवर शोधलं, आमचं काही एकमत होईना. तेवढ्यात सुशीलाच्या बशा घेऊन काकू वर आल्या. क्षणभर ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं, दोघींची नावं पूर्ण लिहा. नुसतं अक्षर नको. बाईचं नाव असं एका अक्षरावर ठेवू नका म्हणायचे हे." आम्ही दोघी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी बशा टेबलावर ठेवल्या, पदराला हात पुसले, काकांची खुर्ची ओढली आणि तिच्यात बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना त्या खुर्चीत कधी बसलेलं पाहिलं नव्हतं. खिडकीतली डाळ जरा बाजूला सारून त्यांनी उजेड टेबलावर येऊ दिला, आणि त्या मुलीला म्हणाल्या, "हं... पुढचा वाच."